आधी थर्मामीटर, मग घर

आर्किटेक्ट बाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या हातात दोन पानी यादी होती. छतावर सौर पॅनेल, सगळीकडे दुहेरी काच, माणूस आला की लागणारे दिवे, हीट पंप, पावसाच्या पाण्याची टाकी. नवऱ्याने तर कशाला किती महत्त्व द्यायचं याच्या रंगीत खुणाही केल्या होत्या. बाईंनी यादी वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "आत्ता राहता ते घर नेमकं कुठून तापतं?"

"सगळंच तापतं," मी म्हटलं.

"मग आधी ते शोधा. पुढच्या वेळी यादी नको, वही आणा."

फी घेणाऱ्या माणसाने पहिल्याच भेटीत गृहपाठ द्यावा, याचा मला रागच आला होता. पण नवऱ्याला उपकरणं विकत घ्यायला निमित्त लागतं, ते मिळालं. दोन साधे थर्मामीटर आले, एक घरात आणि एक बाहेर सावलीत. शिवाय पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, भिंतीवर रोखला की तिचं तापमान सांगणारा. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होतो. त्या उन्हाळ्यात वही भरायला लागली.

पंधरा दिवसांतच एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं त्या घरात राहून कळली नव्हती. दुपारी दोन वाजता छताचा आतला पृष्ठभाग ३७ अंश. संध्याकाळी सातला ४३. रात्री दहाला, बाहेरची हवा ३० वर उतरलेली असताना, छत अजून ४० वर. म्हणजे आम्ही रात्री झोपायचो ते दुपारच्या उन्हाखाली. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो, आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. पंखा फुल्ल करूनही तगमग का होते, त्याचं उत्तर तिथे होतं. अंगाला जाणवणारं तापमान हवेवर जितकं अवलंबून असतं, जवळजवळ तितकंच आजूबाजूच्या भिंती-छतावरही असतं. हवा ३२ आणि छत ४० असेल तर जीवाला बत्तीस वाटत नाही.

वही घेऊन गेलो तेव्हा बाईंनी ती पाच मिनिटं शांतपणे चाळली. मग म्हणाल्या, "आता बोलू."

आधी आखणीवर चर्चा झाली ती प्लॉटवर उभं राहून. त्यांनी आम्हाला तिथे एक मीटर उंचीची सरळ काठी रोवायला लावली. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी एक दगड ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली जिकडे पडते ती खरी उत्तर-दक्षिण. फोनमधलं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि आजूबाजूला लोखंड असलं की तेही धड नाही. दगडांची ती वाकडी रांग बघून शेजारच्या प्लॉटवरचे रखवालदार रोज विचारायचे, कसला खेळ चाललाय. खेळच होता. पण त्यातून कळलं की प्लॉटच्या मापणीच्या कागदावरची उत्तर खऱ्या उत्तरेपासून जरा फिरलेली आहे, आणि घर त्या कागदाप्रमाणे ठेवलं असतं तर लांब भिंत मावळतीच्या उन्हाला सामोरी गेली असती.

घराची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, हे पहिलं ठरलं. उत्तर गोलार्धात ही युक्ती नवीन नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने सॉक्रेटिसच्या तोंडी हेच घातलं आहे: दक्षिणेला तोंड असलेल्या घराच्या पडवीत हिवाळ्यात ऊन येतं आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून, छपरावरून निघून जातो. बाईंनी आम्हाला तेच आकड्यांत दाखवलं. खिडकीवर ६० सेंटीमीटरचा छज्जा असेल आणि सूर्य समोर ७० अंशांवर असेल, तर छज्जाची सावली खाली १६५ सेंटीमीटर उतरते. अख्खी खिडकी झाकली जाते. हिवाळ्यात सूर्य ४५ अंशांवर आला की सावली ६० सेंटीमीटर, बाकी खिडकीतून ऊन आत. आणि पश्चिमेला, संध्याकाळचा सूर्य २० अंशांवर असताना? तोच छज्जा जेमतेम २२ सेंटीमीटर सावली देतो. टोपी घातली तरी समोरून येणारं ऊन डोळ्यात जातंच, तसं.

इथून आमच्या घरात भांडण सुरू झालं.

मला पश्चिमेला मोठी खिडकी हवी होती. आठ फूट बाय पाच फूट, एकसंध काच. प्लॉटच्या पश्चिमेला उतार आहे, पलीकडे मोकळं आकाश आहे, आणि तो प्लॉट मी घेतलाच मुळी त्या मावळतीसाठी. नवरा सुरुवातीला माझ्या बाजूने होता. मग बाईंनी हिशेब मांडला. दुपारनंतर पश्चिमेच्या उभ्या काचेवर थेट ऊन पडतं तेव्हा चौरस मीटरला ६०० ते ७०० वॉट सहज येतात. तुमची काच पावणेचार चौरस मीटरची. साधी काच त्यातले ८० टक्क्यांहून जास्त आत सोडते. "साधारण दोन हजार वॉट. तुमच्या बाथरूममधला गीझर किती वॉटचा आहे?"

"दोन हजार."

"तो बैठकीच्या खोलीत ठेवून रोज दुपारी तीन ते सहा चालू करायचा. चालेल?"

मी म्हटलं, दुहेरी काच लावू. यादीत होतीच ती. तेव्हा कळलं की दुहेरी काचेबद्दल माझी समजूत अर्धवट होती. काचेतून तापमानाच्या फरकामुळे जी उष्णता झिरपते, ती दुहेरी काचेने निम्म्यावर येते. एकेरी काचेतून चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला सुमारे ५.७ वॉट जातात, दुहेरीतून २.८ च्या आसपास. पण थेट ऊन? ते साध्या दुहेरी काचेतूनही सत्तर टक्के आत येतंच. आणि जाड पडदा लावला तरी तो काचेच्या आतल्या बाजूला असतो. ऊन काच ओलांडून पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि त्या तापलेल्या पडद्याची उष्णता काचेतून परत फारशी बाहेर जात नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला चाळिशी गाठावी लागली.

तीन आठवडे मी हटून बसले. उष्णता कमी आत सोडणाऱ्या खास लेपाच्या काचेचे नमुने आणले, पण त्यातून मावळती बघितली तर आकाश आजारी असल्यासारखं हिरवट दिसत होतं. शेवटी खिडकी दोन फूट रुंदीची, उभी झाली. बाहेरून लाकडी पट्ट्यांचं सरकतं दार. आणि खोलीच्या बाहेर, त्याच भिंतीला लागून, बसायला ओटा.

प्लॉटवर पश्चिमेला एक जुनं झाड होतं. पहिल्या आराखड्यात ते बरोबर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात येत होतं. ठेकेदाराने "एका दिवसाचं काम आहे" असं म्हणून कुऱ्हाडीची तयारी दाखवली होती. घर अडीच मीटर पूर्वेला सरकवलं. या एका निर्णयाइतका फायदा मला नंतर कुठल्याही उपकरणात दिसला नाही. झाडाच्या सावलीतली पश्चिम भिंत आणि सावलीबाहेरची पश्चिम भिंत, दोन्ही एकाच विटेच्या, दुपारी चारला मोजल्या तर आठ-नऊ अंशांचा फरक निघतो. पावसाळ्याआधी त्याच्या पानांनी पन्हळ तुंबते आणि मी शिव्या घालते, तेवढी त्याची किंमत आहे.

मग घराचा आकार. इथे बाईंनी सल्ला दिला नाही, फक्त विचारलं, की पाहुण्यांच्या खोलीत गेल्या वर्षी किती रात्री कोण झोपलं. आम्ही मोजलं. अकरा. अकरा रात्रींसाठी एक खोली, तिची न्हाणी, तिचं छत, तिचा पाया. २१०० चौरस फुटांचं घर १४५० वर आलं. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. पाहुणे येतील तेव्हा मुलांच्या खोलीत गाद्या घालू, यावर तोडगा निघाला.

आकाराचा मुद्दा विजेपुरता नाही, हे मला सिमेंटबद्दल वाचल्यावर कळलं. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण ३०० ते ४०० किलो सिमेंट जातं. सिमेंटची भट्टी १४५० अंशांवर चालते, पण खरी मेख त्याच्यापुढे आहे. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा त्या दगडाचा असतो. म्हणजे उद्या भट्टी सूर्यावर चालवली तरी तो भाग जात नाही. म्हणून जे काँक्रीट ओतलंच नाही, ते सगळ्यात हिरवं. राखमिश्रित सिमेंट आम्ही वापरलंच, पण न बांधलेल्या खोलीची बरोबरी त्याला नाही.

मातीच्या विटांचाही विचार केला होता. प्लॉटवरची माती घेऊन काचेच्या बाटलीत पाणी घालून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळच ठेवते. आमच्या बाटलीतला वरचा थर नको इतका जाड निघाला. अशी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. बाहेरून ट्रकने माती आणून "मातीचं घर" बांधण्यात मला अर्थ वाटला नाही. ती बाटली अजून खिडकीत आहे.

भिंती शेवटी भाजक्या विटांच्याच झाल्या, पण वेगळ्या रचनेत. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या, आतली आणि बाहेरची अशा दोन ओळी, मध्ये आडवी वीट, आणि दोन ओळींच्या मध्ये पोकळी. याला रॅट ट्रॅप बॉन्ड म्हणतात. केरळात काम केलेले आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी ही पद्धत भारतात रुजवली. भिंतीची जाडी नऊ इंचच राहते, विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात, आणि आतली कोंडलेली हवा उष्णता अडवते.

मिस्त्रींना हे अजिबात मंजूर नव्हतं. "ताई, पोकळ भिंत बांधून माझं नाव खराब करू नका." शेवटी कुंपणापाशी चार फुटांची नमुना भिंत बांधायचं ठरलं. मिस्त्रींनी ती बांधली, दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर चढून उभे राहिले, दोन उड्या मारल्या, आणि काही न बोलता खाली उतरले. त्यानंतर पोकळीत मसाला पडू नये म्हणून लाकडी फळी ठेवून थर लावायची युक्ती त्यांचीच. एक सांगून ठेवते: या भिंतीत विजेच्या नळ्यांची जागा आधी ठरवावी लागते. नंतर छिन्नी घेऊन खाच मारायला गेलात तर सरळ पोकळीत हात जातो. आमच्याकडे तीन ठिकाणी गेला.

छतावर मात्र मी कोणाचं ऐकलं नाही, कारण वही माझ्याकडे होती. उघड्या काँक्रीटच्या छतातून एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे तीनहून जास्त वॉट खाली येतात. उन्हात पृष्ठभाग साठीच्या घरात जातो. ८० चौरस मीटरचं छत आणि २५ अंशांचा फरक धरला, तर सहा-साडेसहा हजार वॉट होतात. स्लॅबवर पाच सेंटीमीटर जाडीचे एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमचे तक्ते घातले की हाच आकडा हजारच्या आसपास येतो. ठेकेदाराचं म्हणणं, खालून फॉल्स सीलिंग करा आणि त्यात थर्माकोल भरा, स्वस्तात होईल. पण मग स्लॅब उन्हात तापतच राहणार. तक्ते वर घातले की स्लॅब सावलीत येतो आणि खोलीच्या बाजूला राहतो. रात्रीचा गारवा त्यात साठवता येतो. तोच जाड काँक्रीट, जो भाड्याच्या घरात छळायचा, तो इथे उपयोगी पडतो. वॉटरप्रूफिंग, त्यावर तक्ते, त्यावर उताराचा थर, आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्स. नवीन पांढरा पृष्ठभाग तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊन परत पाठवतो. धुळीने तो हळूहळू कमी होतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची घासून धुवायची. हे काम नवऱ्याकडे आहे.

नवऱ्याने दरम्यान पॅसिव्ह हाउसबद्दल, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत भागणाऱ्या हवाबंद घरांबद्दल, खूप वाचलं होतं. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ च्या सुमारास उभी राहिलेली ती पहिली घरं, वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांत भागणारं हीटिंग, फटीतून हवा गळते का हे पंखा लावून तपासायची पद्धत. त्याला आपलंही घर डब्यासारखं हवाबंद करायचं होतं. बाईंनी समजावलं की ती घरं आतली ऊब राखायला आहेत, आमची गरज उलटी आहे. त्यांच्याकडून बांधायच्या आधी हिशेब करायची शिस्त घ्या. तरी एक खोली त्याच्या मनासारखी झाली. उत्तर-पूर्वेच्या झोपायच्या खोलीला दाराखिडक्यांना रबरी पट्ट्या आहेत, आणि घरातला एकमेव एसी तिथे आहे. एसी लावायचा असेल तर खोली बंदिस्तच हवी, हे त्याचं म्हणणं खरं आहे.

बाकीचं घर वाऱ्यावर. समोरासमोर खिडक्या, आणि जिन्याच्या वर झडपा, म्हणजे गरम हवा वर चढून निघून जाते. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं आणि सकाळी बाहेरचा आकडा आतल्याच्या वर गेला की बंद करायचं. कागदावर सोपं. सासूबाईंनी मात्र आयुष्यभर सकाळी उठून खिडक्या उघडल्या आहेत. "दिवसाउजेडी घर कोंडून बसायचं म्हणजे काय?" पहिल्या उन्हाळ्यात मी बंद केलेली खिडकी त्या अकराला उघडायच्या. मी वाद घातला नाही. दोन थर्मामीटर त्यांच्या खुर्चीजवळ शेजारी शेजारी टांगले, एकाची तार बाहेर सोडलेली. चौथ्या दिवशी मी विसरले तेव्हा त्यांनीच हाक मारली, "अगं, बाहेरचा वर गेला, खिडक्या लाव." आता त्या दोन्ही थर्मामीटरांवर त्यांचंच राज्य आहे. हे तंत्र दिवस-रात्रीच्या तापमानात चांगला फरक असतो तिथेच चालतं. दमट हवेत रात्रही गरम असते, तिथे दिवसभर अंगावरून वारा वाहता ठेवणं जास्त कामाचं.

चूकही केली, आणि सांगूनसवरून केली. जिन्यावर तीन फुटी चौकोनी आडवं काचेचं छत. बाईंनी दोनदा सांगितलं होतं की आडवी काच उन्हाळ्याच्या भर दुपारी सगळ्यात जास्त ऊन घेते. पश्चिमेची खिडकी गमावली म्हणून मी ते पदरात पाडून घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात जिन्याचा कठडा दुपारी हात लावायच्या लायकीचा राहिला नाही. आता त्यावर बाहेरून हिरवी शेडनेट बांधलेली आहे आणि ती मी लावलेल्या प्रत्येक पैशाची थट्टा करत फडफडते.

सौर पॅनेल सगळ्यात शेवटी आले. यादीत ते पहिले होते, आणि पाच किलोवॉटचे. पण तोवर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे आले होते, जे जुन्या ७५ वॉटच्या जागी ३० च्या आत चालतात. सहा पंखे रोज दहा तास धरले तर तिथेच अडीच युनिटांहून जास्त वाचतात. आंघोळीचं पाणी सौर बंबावर गेलं. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास तीन युनिट लागतात. दोन किलोवॉटमध्ये भागलं. चांगल्या उन्हात दिवसाला आठेक युनिट निघतात. पॅनेल गच्चीला टेकवून बसवायला निघाले होते, ते उचलून खाली हवा खेळेल इतकी जागा सोडायला लावली, कारण पॅनेल स्वतःच तापलं की २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं मी धरून चालले होते.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सगळ्यात सरळ निघाला. एक मिलिमीटर पाऊस, एक चौरस मीटर छत, एक लिटर पाणी. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, मग टाकीत घ्यायचं. त्यात काही भांडण झालं नाही, म्हणून लिहिण्यासारखंही काही नाही.

आता दुसरा उन्हाळा चालू आहे. वही बदलली, सवय राहिली. काल बाहेर ४० होतं तेव्हा बैठकीत ३२, आणि छताचा आतला पृष्ठभागही ३२, रात्री दहालाही. पण थर्मामीटर छताच्या कडेकडेने फिरवला की भिंतीलगत वीतभर रुंदीचा पट्टा ३६ दाखवतो. चारही बाजूंनी. गच्चीच्या कठड्याखाली तक्ते घातलेलेच नाहीत. कठडा थेट स्लॅबवर उभा आहे, तो उन्हात तापतो आणि उष्णता तिथून आत उतरते. नकाशात हा तपशील होता की नाही, यावर ठेकेदार आणि बाई यांचं एकमत नाही. मिस्त्री येऊन बघून गेले. कठड्याला आतल्या बाजूने आणि वरून तक्ते चिकटवून गिलावा करू म्हणाले, पाऊस सुरू व्हायच्या आत. सोमवारी येणार आहेत.